व्हॉल्व्हविषयी पुढे लिहितो

शुक्रवार, दुपार
दुकानातून

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला पत्रातूनच घातलेला बरा. समोर येऊन वाकलो असतो तर तुमचा हात पाठीवर पडला असता की कानावर, हे सांगता येत नाही.) आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, निदान प्रकृतीने. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली आणि निघताक्षणी तुम्ही डॉक्टरांना 'तुमच्या बेसिनचा नळ गळतोय' असं सुनावलंत, हे मामींच्या फोनवरून कळलं. ऐकून जीव भांड्यात पडला. डोळा पहिल्यासारखा झाला म्हणायचा. महिनाभर वाचन बंद, वाकणं बंद आणि पाना हातात धरणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. पहिली दोन पथ्यं तुम्ही पाळाल याची खात्री आहे. मामींचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा, पण पत्रातलं बाकी काही सांगू नका. फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि मामींना सगळं ऐकू येतं, म्हणून पत्र. तसं विशेष काही नाही. पाणी नाही म्हणून दुकान बंद आहे, हात रिकामे आहेत, सहज लिहायला बसलो.

गेल्या पत्रात शेवटी तुम्ही नेहमीप्रमाणे विचारलंत, 'व्हॉल्व्ह कसा आहे?' मामा, गेली नऊ वर्षं तुम्ही प्रत्येक पत्रात आधी माझी, मग हिची, मग मुलांची आणि मग त्या पितळी व्हॉल्व्हची खुशाली विचारता, आणि मीही प्रत्येक पत्रात 'व्हॉल्व्ह मजेत आहे' असं कळवत आलोय. या खेपेला व्हॉल्व्हविषयी जरा पुढे लिहितो. आधी इथली हकीकत ऐका.

मंगळवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास खालच्या चौकात शहराचा मुख्य पाइप फुटला. नुसता गळला नाही. रस्त्याचा भलामोठा तुकडा उचलला गेला आणि पाणी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीपर्यंत उडालं. त्या गच्चीत वाळत घातलेले कपडे आम्हीच सकाळी धुऊन दिलेले होते, ते पुन्हा ओले झाले. (गिऱ्हाइकाने याचा दोष मला दिला. असतो एकेकाचा स्वभाव.) लोक छत्र्या घेऊन बघायला गेले. हे सगळं मी ऐकीव सांगतोय, कारण त्या वेळी मी झोपलो होतो. या झोपेबद्दल थोडं सांगणं भाग आहे. तुम्हाला दुकान पाठ आहे: गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला, तिथून गल्ली उतरत चौकात जाते. मागच्या खोलीत दोन मशीनं, त्यांच्यापुढे पांढऱ्या कपड्यांना शेवटची नीळ द्यायचा सिमेंटचा हौद, आणि हौदाशेजारी इस्पितळाच्या धुऊन घडी केलेल्या चादरींचा ढीग. दोन ते तीन मी त्या ढिगावर आडवा होतो. (इस्पितळाला कळवू नये.) हौद भरायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पण नळीतून पडणाऱ्या धारेचा आवाज सतत कानावर आला की डोळा लागायच्या आत उठून मोरीकडे जावं लागतं. वय आहे मामा, पन्नाशी उलटली. म्हणून नळीचं तोंड हौदातल्या पाण्यात बुडवून ठेवायचं, असा एक उपाय मी मागेच शोधला होता. धार पाण्याखाली गेली की आवाज बंद आणि झोप गाढ.

हे वाचून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसतंय. नळीचं तोंड पाण्याच्या वर एक वीत, हे तुम्ही मला माझ्या लहानपणापासून सांगत आलात. माझ्या लग्नात लोक आम्हा दोघांना भेटायला रांगेत उभे होते आणि तुम्ही मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या पिंपातली नळी ओढून काढून वर खिळ्याला बांधत होता. (फोटोत तुमची फक्त पाठ आली आहे.) पाणी आलं त्या वाटेने परत जाऊ शकतं, आणि जाताना बरोबर काय नेईल याचा नेम नाही, हे तुमचं वाक्य मला झोपेतही म्हणता येईल. दुर्दैवाने मी ते झोपेत म्हणत नव्हतो.

चारच्या सुमारास उठलो तर हौद रिकामा. फरशी कोरडी, बूच घट्ट, आणि चारशे लिटर निळीचं पाणी गायब. मला आधी चोरीचा संशय आला. (निळीचं पाणी कोण चोरेल, हा प्रश्न मला बऱ्याच वेळाने पडला.) झालं होतं ते असं. चौकात पाइप फुटल्याची बातमी येताच खालच्या घरांनी शहाण्या माणसांनी करावं तेच केलं: घरातले सगळे नळ सोडले आणि हाताला लागेल ते भांडं त्याखाली लावलं. मुख्य पाइपात दाब उरला नव्हता आणि खाली तोट्या तर सताड उघड्या. गल्लीच्या पाइपाने मग मिळेल तिथून पाणी ओढलं, आणि ते मिळालं आमच्या हौदात. बुडालेल्या नळीतून आमची नीळ उलटी चढली, गल्लीच्या पाइपात उतरली आणि घरोघरी जाऊन पोहोचली. इथे तुम्ही आठ्या घालून म्हणाल, 'असं होईलच कसं? नळीच्या आधी मी व्हॉल्व्ह बसवलाय की! पाणी आत येऊ देणारा आणि बाहेर अजिबात न सोडणारा!' अगदी बरोबर. व्हॉल्व्हविषयी पुढे लिहितो.

संध्याकाळी मी गल्लीत उतरलो तर घराघरातून आरडाओरडा. गल्लीत खाली राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांनी अंघोळीचा पांढराशुभ्र टब काठोकाठ भरून ठेवला होता, त्याच्यापाशी ते मला हात धरून घेऊन गेले. मामा, आपल्या दुकानाची नीळ मी कुठेही ओळखीन. मी इतरांपेक्षा दोन चिमटी जास्त घालतो. कोणी म्हणत होतं कारखान्यातलं विष आहे, कोणी म्हणत होतं पाइपाचं शिसं विरघळलंय, आणि हेडमास्तर म्हणत होते की याची नोंद व्हायला हवी. मी टबकडे बघितलं आणि म्हणालो, "अरेरे." तिथेच चुकलं. 'अरेरे'च्या ऐवजी 'ही माझी नीळ' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून अरेरे निघालं, आणि एकदा सगळ्यांच्या देखत अरेरे म्हटल्यावर माणसाला लगेच मागे फिरता येत नाही. घरी आलो तर ही हौदापाशी उभी होती. हिने रिकाम्या हौदाकडे बघितलं, नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता नळी उचलून वरच्या खिळ्याला अडकवली. नंतर जेवायला वाढलं.

बुधवारी शहर कोरडं. पाणी येत असतं तोवर ते कुठून येतं हे कोणाला ठाऊक नसतं. बंद झालं की जो तो इंजिनियर. शाळेतले संडास तुंबले म्हणून शाळा सोडली. न्हाव्याने पाटी लावली: 'फक्त कोरडे केस.' इस्पितळाने साध्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आणि माझ्याकडे माणूस पाठवला की धुतलेल्या असतील नसतील तेवढ्या चादरी ताबडतोब द्या. (दिल्या. ढीग गेल्यामुळे दुपारची झोपही गेली.) बेकरीच्या धुराड्याने पेट घेतला तेव्हा आगीच्या बंबाला नळावर पाणी मिळेना, शेवटी चौकातल्या खड्ड्यात साचलेलं उपसून मारलं. टँकर आला की इतकी माणसं धावायची की निम्मं पाणी रस्त्यावर सांडायचं. आमच्या गल्लीपाशी मात्र भरलेल्या बादल्या होत्या. फक्त त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती.

एका घराने लावला. आमच्या समोर तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात, तुम्हाला आठवत असतील, तुमच्या कोटाची बाही त्यांनीच बसवली होती. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, मुलगी तीन आठवड्यांची. मावशींच्या बादल्या निळ्या प्लास्टिकच्या आहेत. निळ्या बादलीत निळं पाणी दिसत नाही. बुधवारी सकाळी त्यांनी खालच्या नळावरून भरून ठेवलेलं पाणी गाळून, उकळून, कोमट करून बाळाला न्हाऊ घातलं. पुसून उजेडात धरलं तर ओठ, कान, नखं, सगळीकडे निळसर झाक. मावशींनी मारलेली किंकाळी मी दुकानात ऐकली. लेक अनवाणी जिना उतरली. डॉक्टरांनी बाळाला बघितलं आणि त्यांचाही चेहरा उतरला, कारण तान्हं मूल निळं पडणं म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. सगळे इस्पितळात धावले. तिथे एका नर्सबाईंनी स्पिरिटचा बोळा बाळाच्या कपाळावरून फिरवला. बोळा निळा झाला आणि कपाळ गुलाबी. बाळ ठणठणीत होतं, रडत होतं ते फक्त स्पिरिट गार लागल्यामुळे. तरी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी दाराबाहेर उभा होतो. मावशींची लेक भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पाय अजून अनवाणीच. मामा, मला त्या वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. तरी मी बोललो नाही.

आता खरी अडचण. गुरुवारी सकाळी पाइप दुरुस्त झाला आणि सगळ्या शहराला पाणी आलं. आमची गल्ली सोडून. पाणीखात्याच्या एक तपासनीस बाई आल्या, शांत बोलणाऱ्या, काखेत वही. त्यांनी गल्लीतल्या नळांचे नमुने बाटल्यांत भरले आणि सांगितलं की रंग कुठून शिरला ते कळेपर्यंत गल्लीचा मुख्य व्हॉल्व्ह उघडणार नाही. एकदा शिरलं ते पुन्हा शिरेल, आणि दर वेळी त्याला रंग असेलच असं नाही. त्या खालच्या घरापासून एकेक तोटी, एकेक नळी तपासत वर येत आहेत. आमचं दुकान शेवटचं, म्हणजे सोमवारी सकाळी दहाला. म्हणजे मी तोंड उघडलं तर आज पाणी, नाहीतर सोमवारपर्यंत ठणठणाट. आणि तोंड उघडलं तर इस्पितळ चादरी देईल का, गल्लीतलं कोणी सदरा तरी टाकेल का, की आजोबांपासून चालत आलेल्या दुकानाला मी कुलूप लावायचं? या एका विचाराने जीभ टाळ्याला चिकटली आहे.

त्यातच हेडमास्तरांनी 'निळे पाणी शोध समिती' काढली आणि अध्यक्ष म्हणून एकमताने मला निवडलं. पाणी बंद झाल्याने सर्वांत जास्त नुकसान माझं, तेव्हा गुन्हेगार शोधायची तळमळही माझी सर्वांत जास्त असणार, असा त्यांचा हिशेब. मी आढेवेढे घेतले तर लोक म्हणाले, किती हा विनय. तेव्हापासून मी वही घेऊन लोकांना विचारतोय की मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होता. लोक खरं सांगतात आणि उलट मला विचारतात. मी म्हणतो, दुकानात. हेही खरंच आहे. दिवसाचा उरलेला वेळ मी पाणी वाहतो. शेजारच्या गल्लीच्या नळावरून मावशींच्या तीन मजले वर, सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. मी स्वतःहून काही म्हणायच्या आत गुरुवारी मावशींनीच गच्चीतून हाक मारून सांगितलं की माझा गुडघा धरलाय, तू आणून देत जा. घरात तान्हं मूल, दुपट्यांचा ढीग. मी आणतो, आणि मावशी दर खेपेला म्हणतात, "देव तुझं भलं करो." मामा, त्या आशीर्वादापेक्षा बादल्या हलक्या.

असो. बाकी सगळं ठीक. हवा बरी आहे. ही नमस्कार सांगते (म्हणजे सांगितलाच असता, अजून फारसं बोलत नाही). प्रकृतीला जपा, पान्याला हात लावू नका. लोभ असावा.

तुमचा,
(तुम्ही म्हणता तसा) ढिला नट

ता. क. व्हॉल्व्हविषयी लिहायचं राहिलं. तो मी काढला आहे. केव्हा म्हणाल तर तुम्ही बसवून गेलात त्याच्या पुढच्या महिन्यात. त्याने धार बारीक यायची आणि हौद भरायला दीड तास लागायचा. तेव्हापासून तो पैशांच्या गल्ल्याशेजारी कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, आणि त्या कामात तो खरोखरच मजेत आहे; मी तसं खोटं काही कळवत नव्हतो. गुरुवारी तपासनीस बाई दुकानात क्षणभर सावलीला बसल्या, तेव्हा त्यांनी तो उचलला, फुंकर मारली, आतली झडप बोटाने हलवून बघितली आणि विचारलं, "हा इथे काय करतोय?" मी म्हणालो, "मामांची आठवण." त्या म्हणाल्या, "मामा काय करायचे?" मी म्हणालो, "नळकाम." त्या हसल्या आणि तो जागेवर ठेवून गेल्या. तेव्हा एवढं करा. हे पत्र घेऊन येणारे ड्रायव्हरदादा आमच्या गल्लीतलेच, तुमच्या गावाची बस चालवतात. उद्या दुपारी येतील आणि रविवारी परत फिरतील. त्यांच्या हाती दोन ओळी लिहून द्या की व्हॉल्व्ह नादुरुस्त झाल्यामुळे तुम्ही तो गेल्या आठवड्यात स्वतः काढून ठेवलात आणि दुरुस्त करून बसवणार होता. तुम्ही आयुष्यात खोटं लिहिलं नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्याला वजन येईल.

ता. क. (शनिवार, सकाळ) पत्र अजून इथेच आहे. सहाला ड्रायव्हरदादांकडे द्यायला गेलो तर ते अंथरुणावर, डोळे खोल गेलेले, रात्रभरात सतरा वेळा जाऊन आलेले. वहिनी चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या. घरातलं साठवलेलं पाणी निळं म्हणून दादांनी ते ओतून दिलं होतं, रांगेत उभं राहायला वेळ नव्हता, म्हणून शुक्रवारी बागेतल्या तळ्यातलं बाटलीत भरून घेतलं. दिसायला अगदी स्वच्छ होतं म्हणे. मी पाकीट खिशात ठेवून त्यांचे पाय चेपत बसलो. नीळ प्यायले असते तर एवढं झालं नसतं, आणि मी मंगळवारी बोललो असतो तर काहीच झालं नसतं. डॉक्टरांना मीच बोलावून आणलं. धोका नाही म्हणाले, पण आणखी अर्धा दिवस गेला असता तर दाखल करावं लागलं असतं.

ता. क. (रविवार, संध्याकाळ) वरची दोन ओळींची विनंती रद्द समजावी. काल संध्याकाळपर्यंत धीर गोळा केला, रात्री हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला कशाला सांगताय, मी नळी टांगली की." आज जिन्याखाली समितीची सभा होती. हेडमास्तरांनी अध्यक्षांना अहवाल मांडायला सांगितलं. मी उभा राहिलो. म्हणालो, नीळ माझी, हौद माझा, नळी मीच बुडवली होती, आणि मामांनी बसवलेला व्हॉल्व्ह मीच काढला होता. बाळाला आणि ड्रायव्हरदादांना झालेल्या त्रासाला मी जबाबदार आहे, मला माफ करा. मला वाटलं आता बादल्या डोक्यावर बसणार. हेडमास्तरांनी चष्मा पुसला, सगळं वहीत नीट उतरवून घेतलं आणि विचारलं, "या अहवालाला अनुमोदन कोण देतंय?" मग मागून मावशी म्हणाल्या, "माझं अनुमोदन." इतक्या पटकन म्हणाल्या की बाकीच्यांचे हात आपोआप वर गेले. न्हाव्याचा शेवटी गेला, पण गेला. समिती बरखास्त झाली. बाईंना मी सभेतूनच फोन केला.

ता. क. (सोमवार, दुपार) बाई दहाला आल्या. नळी, हौद, खिळा, सगळं बघितलं. माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयार होतो. त्या फक्त म्हणाल्या, "मंगळवारी यात नीळ असते. बुधवारी काय असतं?" मी म्हणालो, ब्लीच. इस्पितळाच्या चादरींसाठी, कडक. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मामा, पाइप एक दिवस उशिरा फुटला असता तर हौदातल्या पाण्याला रंगही नसता आणि मावशींनी ते पाणी गाळून, कोमट करून... मला पुढचं लिहववत नाही. तुम्ही एवढी वर्षं वीत वीत करत होता ते या बुधवारसाठी.

बाराला गल्लीचं पाणी सोडलं. सगळ्यांनी दहा मिनिटं नळ वाहू दिले, निळं, मग फिकट, मग स्वच्छ. मी सवयीने मावशींच्या दारात बादल्या उचलायला गेलो. त्या मशीनवर होत्या. म्हणाल्या, "ठेव, नळ आला." मग सुई दातात धरून म्हणाल्या की बुधवारी इस्पितळात त्यांनी तो बोळा नाकाला लावला होता. तीस वर्षं माझ्याकडून येणारे पांढरे कपडे शिवतायत. माझ्या निळीचा वास त्यांना माझ्याइतकाच ओळखू येतो. बोळा हुंगला तेव्हाच त्यांना कळलं की विष नाही, आपली नीळ आहे, आणि त्यांनी लेकीला पोटाशी धरून सांगितलं की बाळाला काही होणार नाही. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडून निघालं असतं तर तुझं दुकान गेलं असतं. तुझ्या तोंडून निघालं तर राहील, एवढं मला कळत होतं. आज दहापर्यंत वाट बघणार होते. बाईंच्या मागोमाग मीच आले असते." मी बादल्या खाली ठेवल्या. शेवटी विचारलं, आणि गुडघा? म्हणाल्या, "गुडघ्याला काय धाड भरलीय!" लेकीने बाळ माझ्या हातात दिलं. कानांमागे अजून फिकट निळं आहे. नाव ठरायचंय, पण गल्ली तिला निळूच म्हणते.

ता. क. (शेवटचा) आता खरं काम. जाणत्या माणसाने व्हॉल्व्ह पुन्हा बसवल्याशिवाय हौद भरायचा नाही, असं बाईंनी लिहून दिलंय, आणि जाणता माणूस म्हणजे मला एकच ठाऊक आहे. इस्पितळाने शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. ड्रायव्हरदादा आता उठून बसलेत, उद्या तेच हे पत्र आणतील. परतीच्या बसने या. वीत तुमच्या हाताची धरायची की माझ्या, तेही खिळ्याशी उभं राहून दाखवा. बाईंनी त्यांच्या हाताने मोजली तेव्हा दोन बोटं कमी भरली.

पाकीट चिकटवताना आत्ता लक्षात आलं. डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर वाचायला मनाई केली आहे. म्हणजे हे पत्र पहिल्या ओळीपासून मामीच मोठ्याने वाचून दाखवत असणार. मामी, साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना एका मजल्याचाही जिना चढावा लागणार नाही, दुकान तळमजल्यावर आहे. तुम्ही दोघंही या. पाना तुमच्या हाती असू द्या, मामांनी फक्त सांगायचं आणि मी फिरवायचं. व्हॉल्व्ह गल्ल्याशेजारीच आहे, चिंचेने... नाही, आता खोटं कशाला, साध्या साबणाने घासून ठेवलाय. तो मजेत नाही, मामा. नऊ वर्षं नव्हता.